मयत सभासदांची लेखिका

त्या वाचनालयात एका लेखिकेची तीन पुस्तकं फक्त मेलेली माणसं वाचत होती. अकरा वर्षं हा प्रकार बिनबोभाट चालला होता. तो चालवणारा गृहस्थ देवघेवीच्या टेबलामागे बसून साडेदहा ते सहा इतक्या सज्जन चेहऱ्याने शिक्के मारायचा की त्याच्यावर संशय घ्यायला कुणी धजावलं नसतं. सगळे त्याला शिक्केबुवा म्हणत.

वाचनालयाचा नियम साधा होता. पुस्तकाला मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर पाच वर्षांत परतीच्या तारखेचा एकही शिक्का पडला नाही, तर पुस्तक बाद. बाद पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधायचे आणि लगद्याच्या कारखान्याचा टेम्पो आला की त्यात भिरकावायचे. बुवांनी अशी हजारो पुस्तकं स्वतःच्या हातांनी वाटेला लावली होती. थोरामोठ्यांची चरित्रं, विटेएवढ्या कादंबऱ्या, तीन-तीन पारितोषिकं मिळवलेले कवी, सगळ्यांना एकच न्याय, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही. फक्त या बाईंची तीन पुस्तकं बाद व्हायला आली की त्यांचा हात आखडायचा. मग ते टेबलाच्या तळाच्या खणातून मयत सभासदांच्या कार्डांचा खोका काढत, एखाद्या दिवंगत मास्तरांच्या नाहीतर पोस्टमास्तरांच्या नावावर पुस्तक चढवत आणि पिशवीत घालून घरी नेत. पाच वर्षांतून एक शिक्का पुरला असता. पण बुवा उदार झाले होते, वर्षातून दोनदा-तीनदा मारायचे.

स्वतःच्या नावावर का नाही नेलं? कारण मग कुणीतरी सहज विचारलं असतं, बुवा, या बाईत एवढं आहे तरी काय? त्या प्रश्नाला ते जाम घाबरून होते.

त्याचं कारण असं. बुवांची बायको सात वर्षं अंथरुणाला खिळून होती. कूस बदलणं, भरवणं, भांडं धरणं, सगळं बुवांनी केलं आणि वर तिच्या शिव्या खाल्ल्या. आजाराने ती कडवट झाली होती, आणि खरं सांगायचं तर आजाराआधीही काही गोड नव्हती. एका सकाळी ती गेली. नातेवाईक आले, रडले, गेले. बुवा आडवे झाले ते चौदा तास सलग झोपले. उठल्यावर त्यांना सडकून भूक लागली, ते पोटभर जेवले आणि हात धुताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. लोक म्हणाले, दुःखाने पार कोसळला बिचारा. बुवांनी मान खाली घातली. त्या दिवसापासून ते स्वतःला राक्षस समजू लागले.

काही महिन्यांनी बाद पुस्तकांचे गठ्ठे बांधताना एक पुस्तक हातातून निसटून उघडं पडलं. त्यात एका बाईचा नवरा नऊ वर्षांच्या आजारपणानंतर पहाटे जातो. शेजाऱ्यांना उठवायच्या आधी ती कपभर चहा करते आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तो गरम असताना संपवते. मुलगा येतो, विचारतो, लगेच का नाही बोलावलंस? ती म्हणते, चहा पीत होते, मला हलकं वाटतंय. बस्स. लेखिका तिची बाजू घेत नाही, तिला शिक्षाही करत नाही. पुढच्या पानावर ती बाई चप्पल शिवून आणायला जाते. बुवा त्या गठ्ठ्यावरच बसले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडले. कुणाला एखादा लेखक आवडतो भाषेसाठी, कुणाला हसवतो म्हणून, कुणाला त्याच्या पुस्तकाने झोप छान लागते म्हणून. बुवांना ही लेखिका आवडली कारण तिने त्यांना माणसांत परत घेतलं. ते पुस्तक त्यांनी पुढे अठरा वेळा वाचलं.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, लेकीला तर मुळीच नाही. ती त्या सात वर्षांत शिकायला बाहेर होती आणि बुवा दर आठवड्याला कळवायचे की आई अंथरुणातही मजेत आहे, तुझी आठवण काढते. पुढे लेकीचं लग्न दोन वर्षांत मोडलं, ती बापाकडे राहायला आली. आता तिच्या लेखी जगात एकच खरी गोष्ट उरली होती, ती म्हणजे आईबाबांचा संसार. ओळखीच्या कुणाचं भांडण झालं की ती म्हणायची, आमच्या बाबांनी कसं निभावलं बघा. बुवा अशा वेळी पाणी प्यायला उठायचे.

अकराव्या वर्षी वाचनालयात संगणक आला, आणि जुन्या नोंदी त्यात चढवायचं काम नेमकं लेकीलाच मिळालं. तिसऱ्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, ती एक कागद घेऊन बापासमोर बसली. या लेखिकेचे वाचक सोळा, आणि सोळाच्या सोळा मयत. मास्तर गेले त्याला नऊ वर्षं झाली, तरी मागच्या महिन्यात त्यांनी पुस्तक नेलंय. कागदावर शेवटचं नाव तिच्या आईचं होतं. सभासद वाढवायला कधीतरी नुसतं नावापुरतं काढलेलं तेच कार्ड एकदा खोक्यात हाताला आलं आणि बुवांनी फारसा विचार न करता ते वापरलं होतं.

काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून जे पहिलं सुचलं ते बुवा बोलून गेले. "तुझ्या आईची फार आवडती होती ती. तिची पुस्तकं लगद्यात जाऊ नयेत असं वाटलं, एवढंच."

बायकोने आयुष्यात औषधाच्या पाकिटावरचा मजकूर सोडला तर काही वाचलं नव्हतं. पण लेकीचे डोळे भरून आले. तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि यातलं अवाक्षर कुणाला सांगणार नाही म्हणाली. बुवांना वाटलं, सुटलो.

सुटले कसले. आपल्या आईबापाची एवढी सुंदर गोष्ट मनात दाबून ठेवणं लेकीला जमेना. पुस्तकात मागे लेखिकेचा पत्ता छापलेला होता. तिने जाऊन पाहिलं, तर बाई अजून त्याच घरात, एकट्या. बुधवारी दुपारी, वाचनालयात चिटपाखरू नसताना, ती त्यांना थेट बुवांच्या टेबलापाशी घेऊन आली. जाड भिंगांचा चष्मा, छत्रीचा काठीसारखा आधार, अंगाने मूठभर. अठरा वेळा जिला वाचलं ती समोर खुर्चीवर बसली, तेव्हा बुवांना उभं राहायचंही सुचलं नाही.

सोळा मयत वाचकांची हकिगत लेकीने रस्त्यातच सांगून टाकली होती. बाईंना राग आला नव्हता, गंमत वाटली होती. त्यांनी पुस्तक मागवलं, चिठ्ठीवरचे शिक्के डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि विचारलं, तुमच्या मिसेसना काय आवडायचं यात?

बुवा म्हणाले, भाषा. फार गोड भाषा आहे म्हणायची. बाई म्हणाल्या, माझ्या भाषेला एका परीक्षकाने सुतळीची उपमा दिली होती. बुवा गडबडले, म्हणाले, आणि शेवट, आशा देणारे असतात ना. बाई हसल्या. माणसं जिथे असतात तिथेच मी त्यांना सोडते, त्या म्हणाल्या, आशा तुमच्या मिसेसनी घरून आणली असेल. लेक मध्येच म्हणाली की आई तशी होतीच, सगळ्यात चांगलं बघणारी. तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

मग बाईंनी पुस्तक मिटलं. "माझ्या कपाटात दोनशे पानं पडून आहेत. या चहावालीचंच पुढचं आयुष्य. निम्मं झालंय. डोळे आता दिवसाला दोन तास चालतात, ते त्यावर घालवायचे की नाही हे वर्षभर ठरत नाहीये. गेलेल्यांनी वाचलं, त्यांचे उपकार. पण मला एक जिवंत माणूस हवाय, एकच, ज्याला त्यातून काही मिळालं असेल. तुम्ही वाचलंय का?"

बुवांच्या ओठांवर सगळं आलं होतं. चौदा तासांची झोप, ती भूक, गठ्ठ्यावर बसून रडणं. चहावालीचं पुढे काय झालं हे त्यांच्याइतकं जगात कुणालाच हवं नव्हतं. पण खांद्यावर लेकीचा हात होता.

"नाही बाई," ते म्हणाले. "मला वाचनाचा नाद नाही. मी नुसते शिक्के मारतो."

बाईंनी मान डोलावली, छत्री उचलली आणि लेकीला म्हणाल्या की मला रिक्षापर्यंत सोड.

पुढचे तीन दिवस बुवांना अन्न गोड लागलं नाही. रविवारी सकाळी, किराणा आणतो असं सांगून ते बाहेर पडले आणि बाईंचा जिना चढले. दारातच त्यांनी सांगायला सुरुवात केली, ते आत बसल्यावर संपलं. बायकोच्या शिव्यांपासून बुधवारच्या खोट्यापर्यंत काही शिल्लक ठेवलं नाही. कुणाशी तरी हे बोलायला बारा वर्षं लागली होती. बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आता बाई म्हणतील, हाच तो वाचक, ज्याची मी वाट बघत होते.

बाईंनी विचारलं, हे लेकीसमोर का नाही बोललात? बुवा म्हणाले, तिला सोसलं नसतं.

"माझी बाई पोटच्या मुलाच्या तोंडावर सांगते की मला हलकं वाटतंय," बाई म्हणाल्या. "ते एक वाक्य लिहायला मला चार महिने लागले. हे ती मनातच ठेवू दे, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. तुम्ही ते अठरा वेळा वाचलंत आणि तुमच्याच्याने एकदा म्हणवलं नाही. मग वाचलंत काय तुम्ही?"

उठता उठता बुवांनी त्या दोनशे पानांचं विचारलं. ती बुधवारीच संध्याकाळी फाडली, बाईंनी सांगितलं. तुम्हाला दोष देत नाही, मी निमित्त शोधत होते, तुम्ही आणून दिलंत. हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, आणि त्यामुळेच ते बुवांना जास्त लागलं. किराणा आणायचं ते साफ विसरले, आणि घरी दुकान बंद होतं म्हणून सांगितलं.

पंधरा दिवसांनी, सुट्टीच्या दुपारी, बुवा आतून आले तर लेक खिडकीपाशी पाय वर घेऊन वाचत बसली होती. हातात तेच पुस्तक. स्वतःच्या कार्डावर आणलं होतं, चिठ्ठीवर ताजा शिक्का होता, आणि तो बुवांनी मारलेला नव्हता. अकरा वर्षांत त्या पुस्तकाला मिळालेला तो पहिला जिवंत सभासद.

"बाबा, तीस पानं झाली," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात तशी काही गोड नाही हं भाषा. पण आहे काहीतरी हिच्यात. सोडवत नाही."

एकेचाळिसाव्या पानावर तो चहाचा कप येतो, ते पान बुवांना पाठ होतं. तिथून पुढे लेक काय काय विचारेल, तेही त्यांना दिसत होतं.

"नको वाचूस ते," ते म्हणाले. "तुला नाही आवडणार."

"का हो?"

"मन खराब होतं. तुझी आईसुद्धा शेवटी शेवटी कंटाळली होती तिला."

लेकीने थोडा वेळ बापाकडे पाहिलं. त्यांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. तिने पुस्तक मिटून पिशवीत टाकलं आणि उद्या परत करते म्हणाली.

"कर," बुवा म्हणाले.