आनेस्तीसच्या मुठीतले तेवीस मणी

मित्रांनो, मी माळ आहे खरी, पण माझ्यावर कोणी देवाचे नाव घेत नाही. ऑलिव्हच्या लाकडाचे तेवीस मणी आणि एक दोरा, एवढाच माझा संसार. रिकाम्या हातांना चाळा म्हणून ग्रीसमधल्या कावाला बंदरातल्या प्रोद्रोमोस म्हाताऱ्याने मला घडवले. त्याने एकेक मणी कोरला, घासला, तेलात मुरवला. कॉफीच्या दुकानात बसून तो मला सावकाश फिरवी. लोक मला हातात घेऊन म्हणत, "काय गुळगुळीत झाली आहे!" तो गेला आणि मी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकले. अकरा वर्षे माझ्यावर फक्त मासे तळल्याचा धूर बसत राहिला.

मग एका मार्चमध्ये त्याचा जावई आनेस्तीस तपासणी करून घरी आला. तो लाकडी नावा बांधणारा सुतार. चाळीस वर्षे रोज सिगारेटची दोन पाकिटे ओढलेली. त्याच्या डाव्या पायाची रक्तवाहिनी चोंदली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते, "सिगारेट तरी सोडा, नाहीतर पायावर पाणी सोडा."

त्याने पाकीट चुरगाळून फेकले. पण हातांचे काय करायचे? ते टेबल बडवू लागले, पावाचा चुरा करू लागले. शेवटी त्याच्या बायकोने, एव्हान्थियाने, मला खिळ्यावरून काढले.

"घे. हात शिवशिवतायत ना? बाबांची आहे. तोडलीस तर बघ!"

काय सांगू त्या दिवसांचे हाल! प्रोद्रोमोस मला कुरवाळत असे, हा मला झोडपू लागला. खट्, खट्, खट्. जेवताना खट्, बसमध्ये खट्, चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानासुद्धा खट्. माझा एकही मणी जागेवर राहीना. कॉफीच्या दुकानात सोंगट्या खेळताना त्याचा मित्र मेमोस वैतागून म्हणाला, "अरे बाबा, तू सिगारेट सोडलीस की आम्ही डोकं फोडून घ्यावं म्हणून हे चाललंय?"

"मग तू घरी जा ना!" आनेस्तीस उखडला. तेव्हा तो सगळ्यांवरच उखडत असे.

विसाव्या दिवशी त्याने मला खिशातून काढून कारखान्यातल्या फळीवर ठेवले, जणू मी चहाडी करणार होते. अर्धवट बांधलेल्या नावेमागे जाऊन त्याने एक सिगारेट ओढली. परत आला तेव्हा त्याला माझ्याकडे बघवेना.

एव्हान्थियाला दारातच वास आला.

"किती?"

"एकच गं."

"मला नको, पायाला सांग, एकच म्हणून."

तो खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. "जमत नाही मला. सकाळची कॉफी समोर आली की हात आपोआप खिशाकडे जातो."

तिने आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग म्हणाली, "मग उद्यापासून आधी चालायचं. कॉफी नंतर, तीही माझ्यासमोर. आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत नाही बसायचं."

दुसऱ्या दिवशी दोघे समुद्रातल्या बांधावर गेले. दहा पावले झाली की आनेस्तीस माझा एक मणी सरकवी. नवव्या मण्यावर पोटरीत कळ आली. तो थांबला, शिव्या देऊन पुन्हा निघाला. आठवड्याने बारावा मणी आला, जूनमध्ये तेविसावा. मधून मधून त्याचे नाक कोणाच्या तरी धुरामागे वळे. तेव्हा मुठीत मी करकरे, पण पावले थांबत नसत. सप्टेंबरात माझे दोन फेरे होऊ लागले.

एका सकाळी दुकानात कॉफी झाली, मेमोसशी गप्पा झाल्या आणि नवरा-बायको उठून निघाले. मी टेबलावरच होते. मेमोस मागून ओरडला, "अरे, तुझी माळ राहिली!"

आनेस्तीसने वळूनही पाहिले नाही. एव्हान्थियाच्या पिशवीतली कलिंगडे त्याच्या दोन्ही हातांत होती. "असू दे! उद्या नेईन."

मित्रांनो, तो मला विसरला म्हणून मी किती आनंदले, ते कोणत्या शब्दांत सांगू? त्या टेबलावर मी पहिल्यांदा गप्प पडून राहिले.

तुमच्या घरात कोणी विडी-सिगारेट सोडत असेल, तर तो पेन आपटेल, बडीशेप संपवेल, तुमच्यावर विनाकारण ओरडेल. एक दिवस चुकेलही. तेव्हा त्याला हसू नका. त्याचा खडखडाट थोडे दिवस सोसा, आणि सकाळी त्याच्याबरोबर चालायला जा.