बद्रीचा लिंब

टेकडीवर मला सगळे फौजदारीण म्हणतात. तोंडावर नाय, तेवढी छाती नाय कुणाची, पण पाठीमागं म्हणतात ते मला कळतं. म्हणा, बापहो. पाण्याकडं एकानं तरी डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. गोड बोलून झाडं जगत असती तर मीही गोड बोलले असते.

आमची पिराची टेकडी बजाजनगरच्या पाठीमागं. वर पिराचं बारकंसं ठाणं, खाली नुसता मुरूम, मधी बोरी, बाभळी आन् हिवराची खुरटी झाडं. चौफेर प्लॉट पडले, घरं झाली, तेवढी टेकडी राहिली. राहिली कशी? तर दर रविवारी सकाळी आम्ही दहा-पंधरा जण तिथं राबतो म्हणून. गाजरगवत उपटायचं, लोकांनी फेकलेल्या बाटल्या वेचायच्या, उन्हाळ्याच्या तोंडाला वाळल्या गवतात पट्टे काढायचे, म्हणजे कुणाच्या बिडीनं आग लागली तरी ती पसरू नये. आन् नवी झाडं जगवायची. नानासाहेब आमचे म्होरके. गंगापूरकडचे बागायतदार, बँकेतून रिटायर झालेले, बोलणं इतकं मऊ की रागावले तरी समोरच्याला पत्ता लागत नाय. पाणी मात्र माझ्या हाती. मी करमाडची, बापाच्या मोसंबीच्या बागेत वाढलेली. पाण्यावाचून वाळलेली झाडं मी लई बघितली, आन् पाण्यात सडलेली त्याहून जास्त. म्हणून माझा कायदा साधा. रविवारी एका झाडाला एक कॅन. वरती एक थेंब नाय.

आमच्यात एक रीत पडून गेली आहे. कुणाचं माणूस गेलं की राख गंगेत सोडतात, आन् त्यातली मूठभर मागं ठेवून टेकडीवर आणतात. गंगा म्हणजे आमची गोदावरीच. खड्ड्यात राख घालायची, वर झाड लावायचं, शेजारच्या धोंड्यावर गेरूनं नाव लिहायचं. आमच्या ह्यांचा बेहडा वरच्या अंगाला आहे. त्यांनाही एकच कॅन. जिवंतपणी त्यांनी माझा शब्द कधी मोडला नाय, आता काय मोडणार.

आवडाबाई माझी शेजारीण. भिंतीला भिंत. बद्रीनाथ तिचा एकुलता एक. कंपनीत लागलेला, लग्नाला आलेला, जाता-येता “मावशी, चहा टाक” म्हणून माझ्या दारातून वरडणारा. मागल्या वैशाखात गंगापूरला मित्राचं लग्न लावून निघाला. ऐन दुपार, आन् गाडी पंक्चर. आडरानात दुकान नाय, झाड नाय. ढकलत निघाला येडा. सांजच्याला एका बोर्डाच्या बुडाशी बसलेला सापडला, मान छातीवर, जवळ पाण्याची रिकामी बाटली. ऊन लागलं म्हणाले डॉक्टर. लेकराच्या अंगावर लग्नातला नवा सदरा होता हो.

त्यानंतर आवडाबाई एकच बोलायची. “वच्छला, किती गाड्या गेल्या असतील गं त्या रोडनं? एकानं थांबून घोटभर पाणी दिलं असतं तर?” ती उंबऱ्यावर बसून राहायची. जेवायची नाय. पाण्याचा पेला पुढं केला की तोंड फिरवायची. शिव्या देऊन, हातापाया पडून मी तिच्या घशात चार घोट घालायची. बाई हातची जाते की काय, असं वाटायला लागलं होतं.

आखाडात मी तिला ओढतच टेकडीवर नेली. तिनं पोरासाठी कडुलिंब मागितला. “त्याला सावली मिळाली नाय,” म्हणाली, “आता त्यानंच सावली धरू दे.” खड्डा खणला. मुरमात खणलेला, खाली खडक, जणू दगडी रांजणच. तर ही बाई गंगापूरच्या आपल्या शेतातली काळी माती पोती भरून जीपमधून घेऊन आली. पोराला घरची माती पाहिजे म्हणे. मी म्हणलं, काळी माती पाणी धरून बसते, इथं नको. नानासाहेब म्हणाले, “राहू द्या वहिनी, आईचं मन आहे.” मग मी गप बसले. राख घातली, माती घातली, वर उसाचं पाचट अंथरलं. रामकिसननं धोंड्यावर नाव लिहिलं. रामकिसन म्हणजे बद्रीच्याच कंपनीतला, त्याच्याच शिफ्टचा.

पाऊस त्या साली बेताचाच झाला, पण लिंब लागला. तांबूस कोवळी पालवी फुटली त्या रविवारी आवडाबाई हसली. खोटं नाय सांगत, हसली. घरी येऊन माझ्याकडनं दोन भाकरी मागून खाल्ल्या. मग दर रविवारी माझ्याआधी चपला घालून दारात उभी. झाडापाशी बसून गप्पा मारायची. “बद्री, आज वांग्याचं भरीत केलंय. बद्री, रामकिसनचं लग्न जमलं बघ.” आम्ही आपापलं काम करायचो आन् कान तिकडं ठेवायचो. ते झाड होतं म्हणून ती बाई होती. टेकडीवरच्या बारक्या पोरालाही ते कळत होतं.

चैतात पानं पिवळी पडायला लागली.

“तहान लागली त्याला,” आवडाबाई म्हणाली. “वच्छला, अजून एक कॅन घालू?”

“नाय.”

“अर्धा?”

“सांगितलं ना, नाय म्हणून! लिंबाला कमी पाणी चालतं. जास्तीचं चालत नाय.”

तिनं माझ्याकडं बघितलं. काकुळतीला आली होती. मग हातातला भरला कॅन तिनं शेजारच्या बोरीला नेऊन ओतला आन् परत येऊन झाडाच्या खोडावरनं हात फिरवला. माझा शब्द ऐकला तिनं.

वैशाख लागला. वर्षश्राद्धाला ती गावी, गंगापूरला गेली. जाताना म्हणाली, “माझ्या माघारी त्याच्याकडं बघ.” मी म्हणलं, “बघते, जा तू.”

रविवारी टेकडी चढले तर लिंबाखाली पानांचा सडा. शेंडा करपलेला, फांद्या मान टाकून. वाळवी असंल म्हणून मी पाचट बाजूला सारलं, खुरपं घेतलं आन् बुडाची माती उकरली. खुरपं मातीत नाय, चिखलात गेलं. वास आला. तो वास मला लहानपणापासून ठाऊक आहे. बापाची मोसंबी गेली तेव्हा आमच्या अंगणात महिनाभर तोच वास होता. मुळी हातात घेतली तर तिची साल निसटून बोटाला चिकटली. खड्ड्यात खालून पाणी वर आलं आन् उन्हात चमकायला लागलं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांना बोलावलं. “कोण मुडदा इथं पाणी ओततोय? बोला! आज कुणाचा मुलाहिजा नाय!”

मग रामकिसन पुढं झाला. मान खाली.

“काकू, मी. रातपाळीहून येताना रोज एक बाटली. सकाळी सकाळी. त्या दिवशी बद्रीनं मला फोन केला होता, ये म्हणून. मी झोपलो होतो. उचलला नाय.”

मी तोंड उघडलं. तोवर बानाबाई बोलली. ती टेकडीच्या पल्याड शेरडं राखते, तोंडानं माझ्याहून तिखट. “म्या बी घालते, बाई. दुपारच्याला. शेरडं सावलीला बसली की माझ्या कॅनीतलं निम्मं त्याला. दुपारीच गेलं ना लेकरू. मला घोट गिळवत नव्हता त्याच्यापुढं.”

“बानाबाई, तू? तुला कळत नाय?”

“कळतं की,” ती म्हणाली आन् पदर तोंडाला लावला. “म्हणलं, माझं एकलीचंच तर हाय. तेवढ्यानं काय होतंय.”

मग एकेक जण. कुणी फिरायला येताना, कुणी पोरांना शाळेत सोडून जाताना. सगळ्यांनी चोरून, एकमेकांपासून आन् मुख्य म्हणजे माझ्यापासून. वर पाचट, खाली काय चाललंय कुणाला दिसणार? पानं पिवळी पडली तशी प्रत्येकाला वाटलं तहानच लागली, आन् प्रत्येकानं अजून वाढवलं. शेवटी नानासाहेब. त्यांनी चष्मा काढून पुसला. “वहिनी, मीही. संध्याकाळी. त्या रोडनं त्या दिवशी माझीही गाडी गेली होती. काच वर होती, एसी चालू होता. कुणीतरी गाडी ढकलत चाललंय, एवढं दिसलं होतं.”

हे त्यांनी वर्षभरात कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या पोराला एकानंही पाणी दिलं नाय, त्याला या सगळ्यांनी मिळून वर्षभर पाजलं होतं. आन् पाजून पाजून मारलं होतं.

“आवडाबाई उद्या येणार,” नानासाहेब हळू आवाजात म्हणाले. “नर्सरीत एवढाच लिंब मिळंल. आजच्या आज बदलू. ती राख, ती जागा तीच राहील.”

“लाज वाटते का?” मी म्हणलं. “तिच्या लेकाच्या जागी दुसऱ्याचं उभं करता? ती पान न् पान ओळखते त्याचं!”

“मग काय सांगायचं तिला?” बानाबाई म्हणाली. “मरंल बाई ती.”

मी धोंड्यावरचं नाव बघत बसले. मग म्हणलं, “आणा. जा, आणा.” रामकिसननं गाडीची किल्ली काढली.

आन् टेकडीच्या पायवाटेनं आवडाबाई वर येताना दिसली.

उद्या येणार होती, ती आजच आली. श्राद्ध आटोपून पहाटेच जीप धरली होती. एका हातात निवदाची पिशवी, दुसऱ्या हातात तांब्याचा तांब्या, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. कायगावला उतरून गंगेचं पाणी घेतलं होतं पोराच्या झाडाला. सांडू नये म्हणून जीपमधी मांडीवर धरून बसली होती, ते तिनं नंतर सांगितलं.

तिनं झाड बघितलं. आम्हा सगळ्यांना बघितलं. तांब्या खाली ठेवला नाय.

“पाणी नाय मिळालं का त्याला?” तिनं विचारलं.

म्होरके नानासाहेब, पण त्यांची मान खाली. मग मीच उठले. खोटं बोलायला मला जमत नाय, आन् त्या बाईशी तर नाहीच.

“मिळालं गं. लई मिळालं. सगळ्यांनी चोरून घातलं. रोज. मुळ्या सडल्या त्याच्या.”

तिला लगोलग कळलं नाय. मग ती एकेकापाशी गेली. “रामकिसन, तू दिलंस?” “हो, मावशी.” “बानाबाई, तू?” “व्हय गं माय.” “नानासाहेब, तुमी बी?” त्यांनी मान हलवली. ती सगळ्यांना विचारत गेली, आन् प्रत्येक जण हो म्हणून रडायला लागला. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. तिच्या तोंडावर असं काहीतरी आलं, जे मी वर्षभरात बघितलं नव्हतं. सुख म्हणू का? तेच होतं बहुतेक. त्याचं नाव सुखच असंल तर देवा, असं सुख कुणाला देऊ नको.

“एवढ्यांनी दिलं,” ती स्वतःशीच म्हणाली. “एवढ्यांनी दिलं माझ्या लेकाला.” मग तिचा आवाज चिरकला. “आन् मी आई असून एका कॅनवर भागवलं. हात आवरून धरला. तू म्हणलीस म्हणून.”

“आवडाबाई, मी…”

“आन् तू?” ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. “तू दिलंस?”

माझं चुकलं नव्हतं. देवाशपथ सांगते, अख्ख्या टेकडीवर माझं एकटीचंच बरोबर होतं. सगळ्यांनी माझं ऐकलं असतं तर तो लिंब आज डोक्याइतका झाला असता. पण तिच्या डोळ्यांत बघून ते सांगायची माझी छाती झाली नाय.

“नाय,” मी म्हणलं. “मी नाय दिलं.”

ती रागावली नाय. तांब्यावरचं फडकं सोडलं आन् तांब्या माझ्या हातात दिला.

“मग दे. तुझंच राहिलंय.”

मी खाली बसले. बद्रीच्या झाडाच्या बुडाशी, त्या सडक्या वासात. तांब्याची कड धोंड्याला लागून वाजली. धार धरली. मुरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाणी खड्ड्यात तसंच उभं राहिलं, त्यावर एक पिवळं पान तरंगायला लागलं. मी थांबले.

“सगळं दे,” आवडाबाई म्हणाली.

मी सगळं दिलं.