चुकून

आमच्या पोलीस ठाण्यात पंधरा ऑगस्टचा झेंडा बांधायचं काम एकवीस वर्षं श्रीधर जमादाराकडे होतं. फुलं घालून घडी आणि वर फासाची गाठ अशी की दोरी ओढताच पाकळ्या नेमक्या साहेबांच्या टोपीवर पडायच्या. महिनाअखेर तो निवृत्त होणार होता आणि नोकरी बेदाग संपवायची, एवढीच त्याची हौस होती. माणूस शहाणा, पण नको तिथे शहाणा.

ठाण्यासमोर पक्षाचं कार्यालय आहे. यंदा त्यांनी गच्चीवर पक्षाचा झेंडा लावला तो आमच्या तिरंग्याहून हातभर उंच. तिरंग्यावर दुसरा झेंडा चालत नाही, म्हणून जमादारानं चार लोकांसमोर तो उतरवायला लावला. आमचे ठाणेदार त्याच पक्षाचे. वर्दीला पक्ष नसतो म्हणतात. आमच्याकडे वर्दीचा रंग तेवढा सरकारी होता. मीही त्यातलाच, लपवत नाही.

"लई नियम शिकवून राह्यला तो," ठाणेदार मला म्हणाले. "निकेश, त्याचाच झेंडा उलटा फडकव."

मला तर मजाच वाटली. जमादार टोपी आणायला आत गेला, तेवढ्यात मी बांधलेल्या घडीची वरची दोरी खाली आणि खालची वर केली.

ठाणेदारांनी दोरी ओढली. हिरवा वर, केशरी खाली. राष्ट्रगीताआधी समोरच्यांचे मोबाइलच सुरू झाले. जमादाराचा सलामीचा हात कपाळाशीच राहिला. दुपारी तो निलंबित झाला आणि त्याचा जबाब लिहायला ठाणेदारांनी मलाच बसवलं.

मला वाटलं, आता हा माझ्याकडे बोट दाखवणार. त्याच्या मनातही ते आलं नाही.

"माह्याच हातून झालं, निकेश," तो म्हणाला. "रातभर बायकोले ताप होता, ध्यान नसन. चुकून उलटा बांधला मी. तसंच लिहिजो."

तसंच लिहिलं. 'उलटा बांधला मी.' त्यातला 'चुकून' तेवढा गाळला. चुकून बांधणाऱ्याला माफी असते.

चष्मा घरी राहिला होता त्याचा. वाचून दाखवू का, असं मी विचारलं.

"तू लिहिलं ना? मंग कायले वाचा लागते," तो म्हणाला. सही करताना त्याला जागा दिसेना, म्हणून मी कागद धरून बोटानं दाखवली.