एक हळू पास

माझा डावा पाय कुलपाने मोडला, त्याला अकरा वर्षं झाली. ‘कुलूप’ हे त्याचं मैदानावरचं नाव. तो बचावाला उभा राहिला की ती बाजू बंद, म्हणून. मला सगळे ‘फूटपट्टी’ म्हणतात. मी फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळायचो. मागून आलेला चेंडू पुढच्याला नेमका द्यायचा, हवा तिथे आणि हवा तेव्हा. गोल करणाऱ्यांचे फोटो छापून येतात, आमच्यासारख्यांची नुसती आकडेवारी. माझी आकडेवारी चांगली होती.

तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. देशाच्या संघात निवड झाल्याचं पत्र मंगळवारी आलं. आईने ते शेजारपाजारच्या सगळ्यांना वाचून दाखवलं, ज्यांना वाचता येत होतं त्यांनासुद्धा. शनिवारी क्लबच्या सामन्यात मी पास देऊन मोकळा झालो होतो, तेव्हा कुलूप आला, दोन्ही पाय पुढे करून. नडगी दोन ठिकाणी मोडली. त्याला पिवळं कार्ड मिळालं. मला चौदा महिने सळ्या, प्लास्टर आणि कुबड्या. देशाच्या संघाचं बोलावणं पुन्हा कधी आलं नाही. कुलूप मात्र पुढे सहा वर्षं देशाकडून खेळला. दवाखान्यात एकदाही फिरकला नाही. पेपरात म्हणाला, “मी चेंडूवरच गेलो होतो. मध्ये तोच आला.” चोराच्या उलट्या बोंबा!

मी डूख धरून राहिलो. त्याच्या प्रत्येक सामन्याचा निकाल मला पाठ असायचा. बायको म्हणायची, “लग्नाआधी माझा एवढा विचार केला असतास, तर मी दोन वर्षं आधीच हो म्हटलं असतं.”

आणि या हंगामात आमच्याच क्लबने त्याला घेतलं. पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तो नेमका माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसला. हात पुढे केला.

“तुझं नाव बरंच ऐकलंय. आपण कधी समोरासमोर खेळलोय का रे?”

तळपायाची आग मस्तकात गेली. “एकदा,” मी म्हणालो.

“कोण जिंकलं?”

“तुम्ही.”

“मग बरोबर,” तो हसला आणि बुटांच्या नाड्या बांधायला लागला. त्या नाड्या बांधून व्हायच्या आत माझं ठरलं होतं.

आपल्याच संघातल्या माणसाला लाथ घालता येत नाही. पण मधल्या फळीतल्या माणसाकडे त्याहून वाईट हत्यार असतं: हळू पास. फार हळू दिला तर समोरचा येऊन चेंडू घेऊन जातो, कुणाला काही होत नाही. जोरात दिला तर आपला माणूस आरामात खेळून मोकळा होतो. पण चेंडू आणि धावत येणारा गडी दोघंही आपल्या माणसापाशी एकाच क्षणी पोचले, तर पाय मोडतात. असा पास टाळायला आम्हाला लहानपणी शिकवतात. मी तो द्यायला शिकलो. रोज सराव संपला की एकटा मागे थांबायचो आणि प्लास्टिकच्या शंकूंवर पास टाकायचो. आमचे कोच सर बाकीच्यांना सुनवायचे, “बत्तिसाव्या वर्षी याची मेहनत बघा! नाहीतर तुम्ही.”

सात महिने मी कुलपाला लोण्यासारखे पास दिले. एकदा जेवताना तो म्हणाला, “तुझा पास आला की मी मान वर करून बघतसुद्धा नाही, कोण येतंय ते.” मला हेच हवं होतं.

हंगामाचे तीन सामने उरले असताना संधी आली. समोरच्या संघात आघाडीला एक धिप्पाड गडी होता, ब्रेक नसलेल्या गाडीसारखा धावायचा. चेंडू माझ्याकडे आला, कुलूप डावीकडे मोकळा उभा होता आणि तो गडी निघाला. मी अंतर मोजलं आणि पास दिला. आयुष्यात इतका बिनचूक पास मी दिला नव्हता. कुलपाला शेवटच्या क्षणी कळलं, पण मागे आमचा गोल होता आणि चेंडू सोडून देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आवाज प्रेक्षकांपर्यंत गेला. उजवी नडगी. त्या गड्याला लाल कार्ड मिळालं, त्याचं मला वाईट वाटलं. कुलपाचं नाही. स्ट्रेचर जाताना पोटात जे गार गार वाटलं, ते मी कुणालाच सांगितलं नाही.

सोमवारी सरांनी मला एकट्याला टीव्हीसमोर बसवलं. माझा दोन वर्षांचा नवा करार ठरल्यातच जमा होता. त्यांनी चित्र थांबवलं.

“हा पास तू पूर्वी डोळे मिटून दिला असतास. पायातला अंदाज गेला रे तुझा. वय कुणाला चुकलंय?” मग टीव्ही बंद करून म्हणाले, “करार नाही होणार. दुसरे क्लबही हेच बघतायत.”

मुद्दाम दिला म्हटलं तर जन्माची बंदी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ज्या एका गोष्टीवर अकरा वर्षं पोट भरलं, तीच मला येत नाही, असं लोक म्हणायला लागले. पण निदान एका माणसाला तरी खरं कळायला हवं होतं. त्याला कळलं नाही तर उट्टं कसलं निघालं?

मी दवाखान्यात गेलो. कुलूप उशीला टेकून बसला होता. मी दार लावून घेतलं.

“तो पास मी मुद्दाम दिला होता.”

तो समजुतीने हसला. “राहू दे रे. उतरती कळा लागली की आपल्याला असंच वाटतं, आपण चुकलोच नाही. माझंही तेच झालंय दोन वर्षं.”

मी पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली.

“अरे बाप रे!” तो पुढे वाकला. “कुणी केलं हे?”

“तू.”

मी साल सांगितलं, मैदान सांगितलं, कितवं मिनिट तेही सांगितलं. त्याने डोळे मिटून मनापासून आठवायचा प्रयत्न केला.

“नाही आठवत. पण केलं असेल मी,” तो म्हणाला. “सॉरी हं.” रांगेत चुकून पायावर पाय पडला की म्हणतात ना, अगदी तसं.

तेवढ्यात नर्स आत आली. “तुम्ही यांचे कोण?”

“मित्र आहे माझा,” तोच म्हणाला. “त्या दिवशी याचाच पास हळू पडला, तेव्हापासून बिचारा मनाला लावून बसलाय. जरा पाणी द्या त्याला.”

तिने मला पाणी दिलं. त्याचा दुसरा, धड पाय पांघरुणाबाहेर आला होता. मी त्या पायाकडे बघत पाणी प्यायलो. पण आता मला क्लब नव्हता, आणि तो पास पुन्हा कधी देता येणार नव्हता.