हुत्रीदुर्गावरचा रिकामा तांब्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. तोंडाला आटे पाडलेले, वर फिरवून बसवायचं झाकण आणि झाकणाला धरायची कडी. मला फिरकीचा तांब्या म्हणतात. तुम्ही मला पाहिलं नसेल. आता प्रवासाला कोणी मला नेत नाही.

बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बाजारामागं भांड्यांचं एक छोटं दुकान होतं, तिथं मी घडलो. एकोणीसशे बावन्न साली मला सकवारबाईंनी विकत घेतलं. त्यांनी मला भरून उलटं धरलं, पन्नास आकडे मोजले, आणि थेंबही गळला नाही तेव्हा म्हणाल्या, "सरी, बरंय, हाच द्या."

सकवारबाई आणि त्यांचे यजमान मालोजीराव राजाजीनगरात राहत. तेव्हा तिथं घरं कमी आणि मोकळी मैदानं जास्त होती. दोघांचीही घराणी कैक पिढ्यांपूर्वी बेंगळुरात येऊन राहिलेली, त्यामुळं त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड. मालोजीराव एका कचेरीत नकाशे काढत. मूलबाळ नव्हतं. होता तो एकच नाद, दोघांनाही सारखाच. बेंगळुराच्या आसपास डोंगरांवर पाळेगारांनी बांधलेले जुने दुर्ग आहेत. सावनदुर्ग, माकळीदुर्ग, हुत्रीदुर्ग. दर रविवारी कलासिपाळ्यातून पहिली बस धरायची, एक दुर्ग चढायचा, त्याच्या भिंती, वेशी, बुरूज मोजायचे आणि वहीत आराखडा काढायचा. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारणारही नव्हतं.

टेपचं एक टोक ते धरत, दुसरं बाई. "अहो, ढिला पडलाय, ओढा स्वल्प," असं त्या पलीकडून ओरडत. वेशीजवळच्या धनगरांशी बोलायचं काम बाईंचं. त्यांच्याकडून कळलेलं सगळं त्या आराखड्याच्या कडेला बारीक अक्षरात लिहीत. वरची शिळा पडलेली देवळी कुठं आहे, कुठल्या पायरीवर साप निघतो, पाणी कुठं असतं. आणि पहाटे मला भरायचं कामही त्यांचंच. चढून आल्यावर मालोजीराव माझं गार पाणी पीत आणि म्हणत, "या तांब्याशिवाय दुर्ग नाही." तेवढं कौतुक मला पुरे होतं. सात वर्षं अशी गेली.

एकोणसाठच्या जानेवारीत सकवारबाईंना न्यूमोनिया झाला. आठ दिवसांत त्या गेल्या. शेवटच्या दिवशी त्या एवढंच बोलल्या, "हुत्रीदुर्गाची सातवी वेस मोजायची राहिलीय."

दिवसकार्य झालं. त्यानंतरच्या रविवारी मालोजीराव नेहमीच्या वेळी उठले. झोळी खांद्याला अडकवली, मला कडीनं उचललं आणि बस धरली. मला भरलं नव्हतं. ते काम त्यांचं कधी नव्हतंच, त्यामुळं त्यांना सुचलं नाही, आणि सुचलं नाही हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी ते सावनदुर्गाच्या पायथ्याशी बसून राहिले. वही उघडली नाही. दुपारी परत आले.

पुढच्या रविवारी तसंच, त्याच्या पुढच्याही. ते चढत, एखाद्या बुरुजावर बसत, उतरत. ऊन लागलं तरी सरकत नसत. पाऊस आला तरी नाही. त्यांची मोठी बहीण अंबुबाई घर सांभाळायला आली होती. ती एकदा म्हणाली, "मालू, मोजत नाहीस, काढत नाहीस. मग जातोस कशाला?"

"रविवार आहे, अक्का," ते म्हणाले.

ती रडली. ते जेवले आणि हात धुतले. ते रडल्याचं मी पाहिलं नाही. मीही आतून काळा पडत गेलो होतो, कल्हई उडाली होती. रिकामं भांडं उन्हात तापतं तेव्हा त्याला चटका बसत नाही, धरणाऱ्याच्या हाताला बसतो. पण त्यांचा हात तो चटका जाणवल्यासारखा कधी हलला नाही. असं सव्वा वर्ष गेलं.

साठ सालच्या एप्रिलमध्ये आम्ही हुत्रीदुर्गावर होतो. तिथं एकामागून एक सात वेशी लागतात. भर दुपारी मालोजीराव पाचव्या वेशीशी पोहोचले तर सावलीत शाळेच्या दहाबारा मुली घोळक्यानं उभ्या होत्या. मधे एक मुलगी जमिनीवर पडलेली. तिची शिक्षिका तिचं डोकं मांडीवर घेऊन वारा घालत होती. मुलीचा चेहरा लालबुंद झाला होता आणि अंगावर घामाचा टिपूस नव्हता.

शिक्षिकेनं वर पाहिलं. तिला मी दिसलो.

"अण्णा, स्वल्प नीरु कोडि!" ती म्हणाली. थोडं पाणी द्या.

मालोजीराव माझ्याकडं पाहू लागले. मग त्यांनी झाकण फिरवलं आणि मला वाकडं केलं. काहीच आलं नाही. त्यांनी आणखी वाकडं केलं.

"रिकामा आहे," ते मराठीत पुटपुटले.

"रिकामा?" शिक्षिकाही मराठीतच बोलली. ती बेळगावकडची होती, विमला नावाची. "आमचं सगळं पाणी संपलंय. गाव खाली राहिलं, तिथनं आणेपर्यंत हिचं काय होईल? आणि अण्णा, रिकामा तांब्या घेऊन डोंगर कशाला चढताय हो तुम्ही?"

मित्रांनो, सव्वा वर्षात माझ्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मग ते एकदम खाली बसले, झोळीतून वही काढली आणि भराभर पानं उलटू लागले. हुत्रीदुर्गाचं पान सापडलं. त्यावर बोट ठेवून ते मोठ्यानं वाचू लागले, शाळेतल्या पोरासारखं, एकेक शब्द. "सहाव्या वेशीच्या उजव्या हाताला दोन शिळा टेकलेल्या. मधल्या फटीत दोणे. पाणी गोड. धनगर म्हणतो, उन्हाळ्यातही आटत नाही."

दोणे म्हणजे खडकातलं टाकं. ते वाचून होताच मालोजीराव उठले आणि पळाले. पंचावन्न वर्षांचा माणूस, पायात जुन्या वहाणा. दोन शिळा सापडल्या. फट अरुंद होती. ते पालथे पडले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि मला खाली सोडलं. मी खडकावर आपटलो. पोटाला खोल पोचा पडला, आटे दबले. मग गार पाणी माझ्यात शिरलं. पहिलं पाणी माझ्या आतल्या कळंकानं हिरवं, वास मारणारं निघालं. ते त्यांनी ओतलं, मला खळबळून पुन्हा भरलं. झाकण आता बसेना. ते फेकून देऊन त्यांनी माझ्या तोंडावर पंजा ठेवला आणि तसेच खाली धावले.

विमलाबाईंनी मुलीचं डोकं, मान, हात भिजवले. मालोजीराव परत गेले, परत आले. असं तीनदा. तिसऱ्या खेपेला मुलीनं डोळे उघडले. विमलाबाईंनी तिला घोट घोट पाणी पाजलं. मुलीचं नाव राजलक्ष्मी. ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "मिस, माझी चप्पल कुठाय?" बाकीच्या मुली हसू लागल्या, दोघीतिघी रडू लागल्या.

मालोजीराव भिंतीला टेकून बसले होते. कोपर सोलवटलं होतं. विमलाबाई उरलेलं पाणी घेऊन त्यांच्यापाशी आल्या.

"अण्णा, तुम्ही प्यालात का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"प्या आधी."

त्या समोरून हलल्या नाहीत. मालोजीराव प्याले. थोडं पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. मग त्यांनी वहीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे अक्षर माझ्या बायकोचं आहे. ती गेल्या वर्षी गेली." एवढंच. तेही कचेरीतली एखादी नोंद वाचावी तशा आवाजात. पण मी त्यांच्या हातात होतो, आणि त्यांचा अंगठा माझ्या नव्या पोच्यावरून फिरत होता.

त्यानंतर ते आनंदी झाले असं मी सांगणार नाही. ते पूर्वीसारखे कधी झाले नाहीत. पण महिन्याभरानं त्यांनी सातवी वेस मोजली. टेपचं दुसरं टोक अंबुबाईंनी धरलं, कुरकुर करत, डोक्यावर पदर घेऊन. पाण्याच्या सगळ्या जागा निळ्या शाईनं दाखवणारा आराखडा त्यांनी विमलाबाईंच्या शाळेला करून दिला. माझा मात्र उपयोग संपला होता. त्यांनी खांद्याला लावायची फौजी बाटली आणली आणि मी माळ्यावर गेलो. धूळ बसली, कोळ्यांनी जाळी केली. मला वाईट वाटलं का? ठाऊक नाही. अडुसष्ट साली मालोजीराव वारले तेव्हा माझ्यापर्यंत फक्त खालचे आवाज आले.

आता ऐका. दुर्ग पाहायला गेलात तर भिंतींवर कोळशानं नावं लिहू नका. तिथल्या टाक्यात कचरा टाकू नका. कुणाचा तरी जीव त्या पाण्यावर असतो. माझ्यासारखं जुनं भांडं घरात असेल तर त्याला कल्हई करून घ्या.

आणि घरात एखादं माणूस गप्प झालं असेल, नुसतं येत असेल, जात असेल, जेवत असेल, तर त्याला शहाणपण शिकवू नका. पाणी विचारा. आणि ते पिईपर्यंत समोरून हलू नका.