अकोल्याचे बल्ब

रंगराव पाटलाच्या मोटारीला अकोल्याचे नवे बल्ब बसले, आणि पहिल्याच संध्याकाळी त्या उजेडाला बिचकून समोरून येणाऱ्या गाडीचे बैल नाल्यात उतरले. गाडीवान उलथा पडला, ज्वारीची पोती फुटली. रंगराव मागच्या सीटवर पोट धरधरून हसला.

"पाह्यलं का, जगदेव? असा उजेड पाह्यजे! आंधळं केलं लेकाले!"

स्टिअरिंगवर बसलेला जगदेवही हसला. मालक हसला की हसायचं, ही चाकरी तो शिकला होता. पण खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाच मौज वाटली होती. बल्बांची कल्पना त्याचीच. वाशीमकडच्या मालेगावच्या वाटेवर उकंडराव देशमुखाचं गाव होतं. त्याच्या मोटारीचे दिवे आपल्यापेक्षा लांब पडतात, हे रंगरावाच्या डोक्यात काट्यासारखं रुतून बसलं होतं. तेव्हा जगदेवच बोलून गेला होता, "अकोल्याले दुप्पट उजेडाचे बल्ब भेटतात, मालक." अकोल्याच्या एका कारखान्यात मोटारी धुता धुता तो ड्रायव्हर झाला होता. इंजिन, टायर, ब्रेक त्याला हाताच्या रेषांसारखे पाठ होते. विजेचं मात्र त्याला नीट कळत नसे. दुकानदारानं विचारलं होतं, "तुमच्या डायनामोला झेपतील का?" रंगराव शेजारी उभा होता. जगदेव म्हणाला, "झेपते की."

आठवडा सरला नाही तोच कुरकुर सुरू झाली. मोटार उभी असली की दिवे चुलीतल्या निखाऱ्यासारखे लाल व्हायचे, इंजिन पळवलं की पांढरे. गाडीरस्त्याच्या चाकोरीत चाक आपटलं की डावा दिवा जायचा, पुढच्या आपटीला परत यायचा. बल्बांची मान जुन्यापेक्षा उंच, त्यामुळे उजेड वाटेवर पडायच्या ऐवजी लिंबाच्या शेंड्यावर पडे.

जगदेवनं डोकं चालवलं. डावा बल्ब उजवीकडे लावून पाहिला. तिथं तो लखलखीत पेटला. म्हणजे बल्ब चांगला, खोट डाव्या बाजूच्या तारेत. दिव्याखाली तार जिथं लोखंडाला जोडली होती तिथं गंज चढला होता. तो चाकूनं खरवडला, बोल्ट आवळले, दिव्यांची तोंडं खाली वळवली. दोन्ही दिवे लागले. मग फ्यूज जळू लागला. नवा घातला, तोही जळला. दिव्याच्या बटणामागून रबर जळाल्याचा वास येऊ लागला.

त्यानं वाड्यावर जाऊन सांगितलं, "मालक, हे बल्ब लई करंट ओढून राह्यले. जुनेच लावतो."

रंगराव पान जुळवत होता. त्यानं पान खाली ठेवलं, उठला आणि चार गड्यांसमोर जगदेवच्या कानशिलात लगावली. मग पुन्हा बसून पानाला चुना लावला.

"जुने लावून उकंडरावाले कोणतं तोंड दाखवू? खोट तुह्या हातात हाय. फ्यूज जळते तं तिथं तांब्याची जाड तार लाव."

फ्यूज तारा जळू नयेत म्हणून असतो, एवढं जगदेवला माहीत होतं. तरी त्यानं जाड तार लावली.

दिवाळी झाल्यावर रंगराव पोराची सोयरीक पाहायला मालेगावला निघाला. बायको गोजराबाई बरोबर. मुलीकडच्यांना भेट म्हणून वांगी, मिरच्या, मेथीच्या टोपल्या भरल्या, आणि टोपल्या सांभाळायला शालिकराम माळी फूटबोर्डवर उभा राहिला. शालिकराम रंगरावाच्याच विहिरीवर भाजीचा मळा करी. जगदेवचा तो सासरा, बायको सोजरचा बाप. जावयाच्या मोटारीतून जायला मिळतंय म्हणून म्हाताऱ्यानं धुतलेलं धोतर नेसलं होतं, आणि वाटेत दिसेल त्याला हाक मारून सांगत होता, "आमचे जवाईबापू चालवून राह्यले!"

सोयरीक काही जुळली नाही. मुलीच्या बापानं चहा पाजला, गोड बोलला आणि म्हणाला, उकंडरावांकडूनही विचारणा आहे. रंगराव उठून मोटारीत येऊन बसला. दिवेलागण होत होती. जगदेवनं बटण दाबलं. दिवे लागले, पांढरे झाले, कोसभर नीट चालले. मग बटणामागून धुराची एक रेघ निघाली आणि दोन्ही दिवे एकदम गेले.

जगदेवनं मोटार थांबवली. काडी ओढून एकेक जागा पाहिली. बल्ब शाबूत, तांब्याची तार शाबूत, बॅटरीचे स्क्रू घट्ट. तुटलंय कुठं ते सापडेना. काडीनं बोट भाजलं, तरी तो तारा चाचपत राहिला, कारण मान वर केली की मालकाकडे पाहावं लागणार होतं.

गोजराबाई म्हणाली, "समोर उकंडरावाचं गाव हाय. रात्रभर थांबू. पाव्हण्याले कोणी नाई म्हणत नाई."

"आज त्याच्या दारात निजू?" रंगराव म्हणाला. "दिवे गेले म्हणून? त्याच्यापेक्षा मेलेला बरा." त्याची नजर शालिकरामवर गेली. "सीटखाली कंदील हाय. घे तो. मोटारीपुढं पळ, रस्ता दाखव."

"मी पळतो, मालक," जगदेव घाईनं म्हणाला. "मामाजीचं वय झालं."

"अन् मोटार कोण चालवीन? तुही सोजर?" रंगराव त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसला. "सासरा पुढं, जवाई मागं. चांगली वरात हाय."

शालिकरामनं कंदील पेटवला, धोतर वर खोचलं. "होते जवाईबापू, होते. पायानं मी अजून धड हाय," असं म्हणून तो पळू लागला.

सुरुवातीला तो खरंच बरा पळाला. जगदेवनं मोटार पहिल्या गियरमध्ये त्याच्या चालीनं ठेवली. पुढं काळोख, त्यात कंदिलाचा हलणारा डाग आणि त्या डागात म्हाताऱ्याच्या वाळक्या पोटऱ्या. गावाजवळून जाताना पारावरची माणसं उठून उभी राहिली. कोणीतरी शीळ घातली. गाव मागं पडल्यावर म्हातारा धापा टाकू लागला. जगदेवनं ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका केला. लगेच मागून त्याच्या मानेत रंगरावाच्या काठीचं टोक रुतलं.

"बैलगाडीच्या चालीनं जायचं होतं तं बैलगाडीच आणली असती. दाब."

जगदेवनं दाबलं.

"हॉर्न वाजव."

त्यानं हॉर्न वाजवला. म्हातारा दचकून जोरात पळाला. पायातली एक वहाण सुटली, तशीच राहिली. रंगरावाला गंमत वाटली. तो पुन्हा म्हणाला, "वाजव." गोजराबाई म्हणाली, "अवं, पुरे करा, मरीन तो." रंगराव तिला म्हणाला, "तू कायले बोलून राह्यली? सोयरीक मोडली तवा तुही जीभ कुठं होती?" जगदेवनं पुन्हा हॉर्न वाजवला. पुढं चढ होता. म्हातारा आता पळत नव्हता, पडता पडता पुढं जात होता, आणि प्रत्येक पावलाला त्याच्या तोंडातून कण्हल्यासारखा आवाज येत होता. पाय ब्रेकवर ठेवावा, एवढंच. जगदेवला ते कळत होतं. पाय ब्रेकपासून वीतभर लांब होता, आणि काठीचं टोक मानेत होतं, आणि तो पाय तिथंच राहिला.

उतार लागला. मोटार आपसूक पळू लागली, चाक एका खड्ड्यात धाडकन आपटलं आणि दोन्ही दिवे भक्कन लागले. पांढरेशुभ्र. सगळा रस्ता दिवसासारखा उजळला.

शालिकराम थांबला आणि वळला. त्याचं तोंड हसत होतं. त्यानं कंदिलाचा हात वर केला.

"लागले! जवाईबापू, लाग..."

समोरचं काही त्याला दिसत नव्हतं. डोळ्यांवर आडवा हात धरून तो बाजूला सरकला, पण चुकीच्या बाजूला. जगदेवनं ब्रेकवर उभं राहून जोर दिला. तरी मडगार्डनं म्हाताऱ्याला कमरेत उचलून रस्त्याकडेच्या दगडांवर फेकलं.

इंजिन बंद पडलं. रंगराव दार उघडून उतरला, मोटारीपुढं गेला आणि वाकून आधी दिव्याच्या काचा पाहिल्या.

"पाह्य, लागले का नाई? बल्बात खोट नव्हतीच."

जगदेवनं सासऱ्याला उचललं. कमरेखालचं अंग लोळागोळा झालं होतं. "सीटवर रक्त नको," रंगराव म्हणाला, "मागं बांध." तेव्हा मात्र गोजराबाईनं पाय वर घेतले, पायाखालची जागा मोकळी केली आणि नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "इथं ठेव, जगदेव." वाशीमच्या दवाखान्यापर्यंत तिनं म्हाताऱ्याचं डोकं धरून ठेवलं. दिवे वाटभर नीट लागले.

शालिकराम लगेच मेला नाही. सोजरबाई निरोप मिळताच बैलगाडीनं आली आणि बापाच्या उशाशी बसली. जगदेव दाराबाहेर उभा राहायचा. दिवसाच्या उजेडात त्याला मोटारीतली खोट सापडली होती: बटणामागची तार तापून तापून सुटली होती, आणि धक्क्यानं कधी चिकटायची, कधी नाही. दोन पेच आवळायचं काम होतं. हे सोजरला सांगावं असं त्याला वाटे, आणि कशाला सांगावं तेही कळत नसे.

म्हातारा गेला त्या दुपारी पोलिसांचा जमादार वाड्यावर आला. त्याला आत बसवून रंगरावानं जगदेवला ओसरीवर गाठलं.

"म्हातारा दारू पेला होता, आडवा आला, असं सांगशीन तं सुटशीन. नाई तं मोटार तू चालवत होता. जेल तुले होईन, मले नाई. इचार कर."

शालिकरामनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. जगदेवनं जमादारासमोर सांगितलं, पेला होता, आडवा आला. जमादारानं विचारलं, "लई पेला होता?" रंगराव पाहत होता. जगदेव म्हणाला, "लई."

ती गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. सोजरबाई नवऱ्याच्या घरी आलीच नाही. दवाखान्यातून ती सरळ मळ्यातल्या खोपीत गेली. म्हाताऱ्याचे दिवस झाल्यावर जगदेव तिला न्यायला गेला. ती वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होती. तिनं पाटाचं दारं मोडलं, पाणी दुसऱ्या सरीत वळवलं, मगच वर पाहिलं.

"चाल घरी," तो म्हणाला. "माह्या हातात काय होतं, सोजर? मालकानं..."

"बाप मरता मरता काय म्हणे, सांगू?" तिचा आवाज शांत होता. "म्हणे, जवाईबापूच्या हातचा दोष नाई, दिव्याचा हाय. लई येळा म्हणे. मले म्हणे, तू हो म्हण. म्या हो म्हटलं. मरणाऱ्या माणसासंग खोटं बोलावं लागते."

जगदेव बांधावरून खाली उतरू लागला.

"आता मी खोटं बोलत नाई," ती म्हणाली. "जा तुमी. वाफ्यात पाय देऊ नका."

पुढच्या महिन्यात रंगरावानं विहीर दुसऱ्या माळ्याला दिली, आणि खोप रिकामी करायला सांगायला जगदेवलाच पाठवलं. तो गेला, दारातून त्यानं निरोप सांगितला. सोजरबाईनं भांडी एका टोपल्यात भरली, टोपलं डोक्यावर घेतलं आणि त्याच्या अंगावरून, तो जणू तिथं नाहीच अशी, अनसिंगच्या वाटेला लागली. मामाकडे गेली, असं लोक म्हणाले. जगदेवनं खोपीचं दार ओढून घेतलं. वाड्यावर मोटार धुवायची राहिली होती.