हिरव्याची मात्रा

आन्सेल्म इस्नारला दोन हिवाळ्यांपासून कसलाच वास येत नव्हता. साध्या तापाने तो आडवा झाला, आठ दिवसांत उठला, आणि नवव्या दिवशी सकाळची कॉफी म्हणजे नुसतं कडू गरम पाणी झालं होतं. डॉक्टरने नाकात नळी घालून पाहिलं आणि म्हणाला, थांबा, कधी कधी परत येतो. आन्सेल्म थांबला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला तेवढं एक काम बरं जमतं.

हे फक्त त्याच्या बायकोला, युगेतला, माहीत होतं. दक्षिण फ्रान्समधलं ग्रास हे सगळं गावच परफ्यूमवर जगणारं. इथे कुणाचं नाक गेल्याची बातमी फुटली की त्याचा जिवंतपणी पुतळा होतो. येताजाता सगळे मान देतात आणि कुणी काही विचारत नाही.

म्हणून मार्चमध्ये त्याच्या जुन्या परफ्यूम कारखान्यातून फोन आला तेव्हा त्याने खरं सांगितलं नाही. कारखान्याच्या नव्या मालकांना त्याचं जुनं परफ्यूम, ‘व्हेर फू’, पुन्हा बाजारात आणायचं होतं. व्हेर फू म्हणजे वेडा हिरवा. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली त्याने ते रचलं, नऊ वर्षं ते विकलं गेलं, मग बंद पडलं. कारखाना दोनदा विकला गेला त्यात कृतीचा कागद गहाळ झाला. आता एक जुनी बाटली उरली होती, आणि आन्सेल्मचं डोकं.

“तुम्ही नसाल तर यंत्र आहेच म्हणा,” फोनवरच्या बाई, मादाम काझाल, म्हणाल्या होत्या. “बाटलीत काय आहे ते यंत्र सांगेल.”

“बाटलीत काय उरलंय ते सांगेल,” आन्सेल्म म्हणाला. “काय होतं ते नाही. मी येतो.”

तेव्हापासून तो आठवड्यातून दोनदा टेकडी चढून प्रयोगशाळेत जात होता. तिथे माएल होती, सत्तावीस वर्षांची, रसायनशास्त्र शिकलेली. ती द्रव्यं मोजून मिसळायची, यंत्राचे आलेख वाचायची आणि न पटलेल्या गोष्टीला कधी मान डोलवायची नाही. आन्सेल्मला ती आवडायची आणि तिची भीतीही वाटायची.

“आज तेरा आणि चौदा, मस्यू इस्नार,” गुरुवारी ती म्हणाली. “चौदामध्ये गॅलबॅनम तीन टक्क्यांच्या वर नेलंय. वजन करताना मी दोनदा खिडकी उघडली.”

“दोनदाच? मग कमी पडलं असेल.”

“तुमच्या काळात लोक मरत नव्हते का याने?”

“नाचत होते, पोरी. मरायला वेळ कुठे होता?”

गॅलबॅनम हा इराणातून येणारा डिंक, हिंगाच्याच जातकुळीतला. पण त्याचा वास म्हणजे हिरवेपणाची थोबाडीत. कच्ची शेंग कानाशी मोडावी तसा. सहसा तो कुणी अर्ध्या टक्क्याच्या वर नेत नाही. त्याच्या खाली, परफ्यूमच्या तळाशी, असतं ओकच्या झाडाच्या सालीवरचं दगडफूल. त्याने त्वचेवर पुरळ उठतं म्हणून आता नियमांनी त्यातले दोन घटक काढून टाकावे लागतात, आणि धुतलेलं दगडफूल पहिल्यासारखं बोलत नाही. त्यामुळे सगळा तोल नव्याने जमवायचा होता. त्यासाठी नाक लागतं.

माएलने दोन कागदी पट्ट्या बुडवून पुढे धरल्या. आन्सेल्मने डोळे मिटले. पूर्वी तो कधी मिटत नसे. आता मिटायचा, कारण मिटलेल्या डोळ्यांच्या माणसाला कुणी घाई करत नाही.

“आधी तू सांग,” तो म्हणाला. “मी आधी बोललो तर तुझं नाक माझ्या मागे फरफटत येईल.”

ही रीत जुनीच होती. त्याच्या गुरूने त्याला असंच शिकवलं होतं. म्हणून कुणाला शंका आली नाही.

“आधी शेंग मोडल्यासारखं,” माएल सावकाश म्हणाली. “मग थंड. मग खालून ओलसर, सालीसारखं.”

“आणि टोमॅटोचं पान?”

ती बराच वेळ हुंगत राहिली. “येतंय. पण तुम्ही म्हणालात म्हणून येतंय की खरंच आहे, ते मला सांगता येणार नाही.”

आन्सेल्म हसला. त्याची सगळी इमारत या पोरीच्या शब्दांवर उभी होती. ती शब्द द्यायची, तो ते द्रव्यांशी आणि टक्क्यांशी जुळवायचा, आणि चौदा नमुने असेच झाले होते. त्याच्याकडे स्वतःचं म्हणून एकच साधन उरलं होतं. नाकात वासाची नस वेगळी आणि झोंबण्याची वेगळी. पहिली मेली होती, दुसरी शाबूत होती. कांदा, मोहरी, अमोनिया त्याला अजून झोंबायचे. जास्त गॅलबॅनमचा नमुना किंचित जास्त चावतो अशी त्याने स्वतःची खात्री करून घेतली होती.

“चौदा,” तो म्हणाला. “उद्या मादाम काझालना चौदा दाखवायचा.”

टोमॅटोचं पान युगेतमुळे आलं होतं. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता आणि दर शनिवारी किनाऱ्यावरच्या जुआँ-ले-पँ गावातल्या एका तळघरातल्या डिस्कोत जायचा. सिगारेटचा धूर, घाम, केसांचे फवारे, सांडलेली दारू. बायका घरून गुलाब आणि जाई लावून यायच्या आणि दहा मिनिटांत सगळ्यांचा एकच वास व्हायचा. फक्त एका मुलीचे हात त्या सगळ्याला फाडून बाहेर येत होते. चमकत्या हिरव्या टिकल्यांचा पोशाख घातलेली ती मुलगी दिवसभर बापाच्या काचघरात टोमॅटोच्या रोपांचे कोंब खुडून आली होती. हात तीनदा धुतले तरी जात नाही हो, ती लाजून म्हणाली. आन्सेल्म त्या रात्री नाचला नाही, तिचे हात हुंगत उभा राहिला. युगेत नंतर सगळ्यांना सांगायची की हा माणूस माझ्या प्रेमात पडला नाही, माझ्या नखांच्या प्रेमात पडला.

त्या गुरुवारी घरी आल्यावर त्याने चौदाची पट्टी तिच्यापुढे धरली. ती वाटाणे सोलत होती.

“हो. हेच,” ती म्हणाली.

“नववा नमुना आणला तेव्हाही तू हेच म्हणालीस. अकराव्यालाही.”

“मग काय म्हणू? तेही हेच वाटलं.” तिने शेंगा बाजूला सारल्या. “सेहेचाळीस वर्षं झाली, आन्सेल्म. मला माझ्या आईचा आवाज आठवत नाही नीट. तू त्यांना सांगून का टाकत नाहीस?”

“सांगितलं तर ते त्याचं लिंबूपाणी करतील.”

“करू देत.”

आयुष्यात त्याने साठ परफ्यूम रचली होती. एकोणसाठ गिऱ्हाइकांना हवी तशी. हे एकच, कुणी मागितलेलं नसताना.

शुक्रवारी दहाला तो बैठकीच्या खोलीत बसला. मादाम काझाल पन्नाशीच्या, या परफ्यूमचा निर्णय त्यांच्या हातात. माएल आधीच आली होती. तिने नमुना चौदाची पट्टी वीस मिनिटांपूर्वी बुडवून चिमट्यात लावून ठेवली होती.

“मस्यू इस्नार,” मादाम म्हणाल्या, “काल संध्याकाळीच तुमचा चौदा नंबर मागवून मी अंगावर मारून पाहिला. लिफ्टमधली सगळी माणसं पहिल्याच मजल्यावर उतरली. मी चौथ्यापर्यंत एकटी, राणीसारखी गेले.”

“त्यासाठीच ते आहे.”

“तुमच्या वेळी. तेव्हा खोलीत धूर होता, आता नाही. आज ही वस्तू लोक ऑफिसला लावून जाणार.” त्या उठल्या. “मी एक पर्याय करून घेतलाय. सगळं तेच, फक्त गॅलबॅनम चौथाई. माझं म्हणणं, फरक फारसा पडत नाही. तुमचं म्हणणं, पडतो. मला भांडायचं नाही. दोन पट्ट्या देते, कुठली काय ते सांगणार नाही. तुम्ही तुमची ओळखा. ओळखलीत तर चौदा जसाच्या तसा जाईल, एक थेंब कमी नाही. शब्द देते.”

ही अट चोख होती. चांगलं नाक असतं तर झोपेतही जमलं असतं. माएल आश्वस्त दिसली. तिला वाटत होतं, जिंकलोच.

मादाम चिमट्यातली पट्टी घेऊन बाहेर गेल्या आणि मिनिटाभरात दोन पट्ट्या घेऊन आल्या. आन्सेल्मने डोळे मिटले.

पहिली. काही नाही. नुसती हवा. दुसरी. नाकाच्या मुळाशी बारीक टोचणी, थंड आणि धारदार. त्याने पुन्हा पहिली घेतली, पुन्हा दुसरी. शंकाच नव्हती. दुसरी चावत होती. त्याच्या छातीत इतका आनंद दाटला की क्षणभर त्याला वाटलं, वासही येतोय.

“ही,” तो म्हणाला. “ही माझी.”

त्याने डोळे उघडले आणि पट्टी समोरच्या काचेच्या टेबलावर ठेवली. तिचं टोक काचेला चिकटलं. उचललं तर खाली ओला ठिपका उमटला होता.

पट्टी ओली होती. आत्ता बुडवलेली. जे चावलं ते गॅलबॅनम नव्हतं, न उडालेलं अल्कोहोल होतं. पहिली पट्टी कोरडी ठणठणीत होती, कारण ती वीस मिनिटं चिमट्यात होती. त्याने डोळे उघडे ठेवले असते तर शाळकरी पोरालाही जे दिसलं असतं ते त्यालाही दिसलं असतं.

माएल त्याच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा आलेख चुकीचा आल्यावर ती पाहायची तशी ती पाहत होती, कारण शोधत. मग तिची नजर ओल्या ठिपक्यावर गेली, आणि तिला कारण सापडलं.

“झालं तर,” मादाम हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना मजा वाटत नव्हती. “ही माझी आहे, मस्यू. चौथाईची.”

“थांबा,” आन्सेल्म म्हणाला. “मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. मी अल्कोहोलला फसलो. ही परीक्षा धरू नका.”

मादाम खाली बसल्या. त्यांनी चष्म्याची काडी उघडमीट केली.

“मग चौदा बरोबर आहे, हे कुणी ठरवलं?”

“मी. माएलच्या नाकाने.”

“माएल, तू मूळचं व्हेर फू कधी हुंगलंयस?”

“माझा जन्म सत्त्याण्णवचा, मादाम. फक्त जुनी बाटली.”

“आणि बाटली काय म्हणते?”

माएलने ओठ चावले. “बाटलीत गॅलबॅनमचा अंश कमी आहे. साधारण तुमच्या पर्यायाइतका. पण सगळ्यात हलके रेणू आधी सडतात, मादाम. मूळची मात्रा कितीही जास्त असू शकते.”

“असू शकते. होती का?”

“ते आकड्यांवरून सिद्ध करता येत नाही.”

“होती!” आन्सेल्म टेबलावर हात आपटून म्हणाला. “तीन टक्के. मी घातलंय. या हातांनी.”

“तुम्ही आत्ताच मला तुमचं म्हणून माझं दाखवलंत,” मादाम म्हणाल्या. आवाजात कुचकेपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. “मी मालकांना काय सांगू? बाटली माझ्या बाजूने, नाक कुणाचंच नाही, आणि कागद हरवलेला. तुम्ही माझ्या जागी असता तर?”

आन्सेल्मने खरोखर विचार केला. त्याला उत्तर सापडलं आणि ते त्याने सांगितलं नाही.

“तुला कुठलं आवडतं?” मादामनी माएलला विचारलं.

“आवडायचं म्हणाल तर चौथाईचं,” माएल म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. “लावायला ते बरं आहे. सॉरी, मस्यू इस्नार. विचारलं म्हणून.”

नामंजूर नमुने संध्याकाळी टाकाऊ द्रवांच्या पिंपात ओततात. पट्टीपलीकडे काही बाहेर न्यायला परवानगी नसते. माएल त्याला जिन्यापर्यंत सोडायला आली, इकडेतिकडे पाहिलं, त्याच्या गळ्यातला रुमाल ओढून घेतला आणि खिशातल्या बाटलीतून चौदाचे सहा-सात फवारे त्यावर मारले.

“माझ्याने एवढंच होतं,” ती म्हणाली.

“खूप मारलंस?”

“तुम्हाला समजत नाही ना,” ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. “भरपूर मारलंय.”

टेकडी उतरून तो घरी आला. स्वयंपाकघर तापलेलं होतं, युगेतने ओव्हनमध्ये काहीतरी ठेवलं होतं. त्याने रुमाल न बोलता खुर्चीवर टाकला आणि हात धुवायला गेला. परत आला तर तिने दोन्ही खिडक्या उघडल्या होत्या आणि ती कपाळ धरून बसली होती.

“काय झालं?”

“अरे काय आणलंस हे! डोकं चढलं माझं.” ती कपाळ चोळत राहिली. “कसं सहन करायचो आपण तेव्हा? दर रविवारी दुपारपर्यंत मी डोक्याला ओलं फडकं बांधून पडायची. आई म्हणायची, दारू प्यालीस. दारू कसली, हेच ते. इथे, बघ, भुवईच्या वर, अगदी याच जागी दुखायचं.”

आन्सेल्म उभाच राहिला.

“याच जागी?”

“अगदी याच. कालच्या पट्टीनेही रात्री जरा ठणकलंच होतं. नऊ आणि अकराने कुठे दुखलं होतं?” ती म्हणाली. “ते काय म्हणाले? केला का पास?”

फोन भिंतीवर, हाताच्या अंतरावर होता. मादाम काझाल अजून कचेरीत असतील. पिंपात ओतायला पाच वाजतात. त्याने फोन उचलला, दोन आकडे दाबले. मग त्याला कळेना की पुढे बोलायचं काय. माझ्या बायकोचं डोकं दुखतंय म्हणून सांगायचं? त्याने फोन ठेवून दिला.

“केला,” तो म्हणाला.

“बरं झालं बाई.” युगेतने चिमटीत धरून रुमाल उचलला, धुण्याच्या मशीनमध्ये टाकला, साबणाची पूड जरा जास्तच घातली आणि पाणी साठ अंशांवर ठेवलं.